मूल सीमा ओलांडते, थेरपिस्टला का अडवायचे?

अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा एक फार चांगला कायदा आहे. तो १९७५ साली झाला. पुढे त्याचे नाव बदलले, दुरुस्त्या झाल्या, पण गाभा तोच राहिला: दिव्यांग मुलाला सरकारी शाळेत, त्याच्या गरजेप्रमाणे, मोफत शिक्षण मिळालेच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक मुलाचा एक वैयक्तिक आराखडा लेखी स्वरूपात तयार होतो. आठवड्यातून किती वेळ स्पीच थेरपी, किती वेळ ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतःच्या हाताने करता यावीत यासाठीचे उपचार), हे त्यात नोंदवलेले असते. आईवडिलांची नोकरी बदलली आणि मूल दुसऱ्या राज्यात राहायला गेले, तर नव्या शाळेने आपला आराखडा करेपर्यंत जुन्या आराखड्यासारख्याच सेवा द्यायच्या, असे हा कायदा सांगतो. मुलाचा हक्क राज्याच्या सीमेवर संपत नाही.

संपतो तो थेरपिस्टचा अधिकार. ज्या बाईंनी दोन वर्षे त्या मुलाबरोबर काम केले, त्याला चमचा धरायला शिकवले, शाळेची घंटा वाजली की तो कानांवर हात का ठेवतो हे ओळखले, त्या बाईंना नव्या राज्यात त्याला हात लावता येत नाही. व्हिडिओ कॉलवरून आईला दोन गोष्टी समजावून सांगायच्या म्हटल्या तरी कायदा आडवा येतो. कारण उपचार कुठे झाले हे थेरपिस्ट कुठे बसला आहे यावरून ठरत नाही, रुग्ण कुठे आहे यावरून ठरते. मूल ज्या राज्यात बसले आहे त्या राज्याचा परवाना नसेल, तर तो विनापरवाना व्यवसाय. नव्या शाळेत थेरपिस्टची जागा रिकामी असेल, आणि ती पुष्कळदा असते, तर मुलाचा हक्क कागदावर शाबूत राहतो आणि मूल वाट पाहत बसते.

या अडचणीवर अमेरिकेतल्या राज्यांनी गेल्या काही वर्षांत एक उपाय काढला आहे. त्याला तिथे ‘ओटी कॉम्पॅक्ट’ म्हणतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि त्यांचे साहाय्यक यांच्या परवान्यांना एकमेकांच्या राज्यात मान्यता देणारा हा आंतरराज्य करार आहे. माझ्या मते हा करार योग्य आहे आणि बाहेर राहिलेल्या राज्यांनी त्यात यायला हवे. मात्र त्याच्या बाजूने सहसा जी कारणे दिली जातात, त्यांपेक्षा वेगळे कारण मला महत्त्वाचे वाटते. करार मांडला जातो तो थेरपिस्टची सोय म्हणून. कागदपत्रे कमी, फी कमी, नोकरी बदलणे सोपे. ही सोय खरी आहे, पण कायदेमंडळाने कायदा करावा एवढे तिचे वजन नाही. वजन आहे ते रुग्णाच्या उपचारात खंड न पडण्याला, आणि त्याहूनही जास्त, गैरवर्तन करणाऱ्या थेरपिस्टची माहिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वेळेवर पोचण्याला.

मुळात एका देशात पन्नास वेगळे परवाने आले कुठून? अमेरिकेच्या राज्यघटनेने जे अधिकार केंद्राला दिले नाहीत ते राज्यांकडे राहिले, आणि लोकांच्या आरोग्याचे व सुरक्षेचे रक्षण हे राज्याचे काम मानले गेले. १८८९ साली ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना परवाना सक्तीचा करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. पुढे एकेक करून बाकीचे वैद्यकीय व्यवसाय त्याच चौकटीत आले. ऑक्युपेशनल थेरपी त्या मानाने तरुण. तिची अमेरिकेतली पहिली संघटना १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांमुळे या कामाची गरज सगळ्यांना दिसली. राज्यांचे परवाने मात्र १९७० च्या दशकात सुरू झाले आणि सगळ्या राज्यांत पोचायला पुढची कित्येक वर्षे गेली.

आणि इथेच पन्नास परवान्यांच्या बाजूचा युक्तिवाद सैल पडतो. परवाने पन्नास असले तरी परीक्षा एकच आहे. एनबीसीओटी ही राष्ट्रीय संस्था ती घेते आणि प्रत्येक राज्य तीच मान्य करते. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी व्यवस्थाही राष्ट्रीय आहे. ओहायोतल्या थेरपिस्टने जी परीक्षा दिली तीच केंटकीतल्या थेरपिस्टने दिली. मग ओहायोचा माणूस केंटकीत अर्ज करतो तेव्हा केंटकीचे मंडळ नेमके काय तपासते? त्याच परीक्षेचा निकाल पुन्हा मागवते, तीच पदवी पुन्हा पाहते, जुन्या राज्याकडून पत्र मागवते, फी घेते. सिनसिनाटी शहर ओहायो नदीच्या उत्तर काठावर आहे. नदीवरचा पूल चालत ओलांडला की कव्हिंग्टन, म्हणजे केंटकी. सिनसिनाटीच्या रुग्णालयात पक्षाघातावर उपचार घेतलेला माणूस पलीकडे आपल्या घरी गेला की त्याच्या घरी येणाऱ्या थेरपिस्टला दुसऱ्या राज्याचे कागद लागायचे. या दोन्ही राज्यांनी करार स्वीकारला आहे, आणि अशा जोडशहरांसाठी तरी त्याच्या उपयोगाबद्दल दुमत व्हायचे कारण नाही.

ऑक्युपेशनल थेरपीत हा खंड इतका का बोचतो, हे काम पाहिल्याशिवाय कळत नाही. फिजिओथेरपी आपल्याकडे घरोघरी माहीत झाली, ही अजून झालेली नाही. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेल्या माणसाला एका हाताने सदऱ्याची बटणे लावायला शिकवणे, खुब्याचे हाड मोडलेल्या आजींच्या न्हाणीघरात आधाराची दांडी नेमकी कुठे आणि किती उंचीवर बसवायची ते ठरवणे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पेन्सिलीला त्याच्या मुठीत मावेल अशी जाड पकड करून देणे, ऑटिझम असलेल्या मुलाचा दिवस असा आखणे की त्याला दुपारपर्यंत वर्गात टिकता येईल. माणसाला त्याचे रोजचे जगणे स्वतःच्या हाताने जगता यावे, हा सगळा खटाटोप त्यासाठी. यात गोळी नसते की जी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरने तशीच लिहून द्यावी. थेरपिस्टला त्या घरातली खुर्ची किती उंच आहे हे माहीत असते. मूल कुणाच्या हातून जेवते, आजोबा कोणत्या वेळी चिडतात, आई कुठे खचते, हे माहीत असते. हे सगळे अहवालाच्या दोन पानांत उतरत नाही. नव्या थेरपिस्टला ते पहिल्यापासून शोधावे लागते आणि तोवर मूल शिकलेले विसरते. जुन्या थेरपिस्टला काही आठवडे व्हिडिओवरून नव्या घरात डोकावता आले, नव्या थेरपिस्टबरोबर चार सत्रे एकत्र घेता आली, तर केवढा फरक पडेल!

हे शक्य आहे हे कोविडने दाखवून दिले. २०२० मध्ये एकापाठोपाठ एक राज्यांनी आणीबाणीचे आदेश काढून परराज्यातल्या परवानाधारकांना तात्पुरती मोकळीक दिली, दूरस्थ उपचारांवरचे निर्बंध सैल केले. थेरपिस्ट स्वयंपाकघरात ठेवलेल्या फोनमधून आजींना गॅसपाशी कसे उभे राहायचे ते सांगू लागले. मग आणीबाणी उठली, आदेश संपले, आणि जे काल चालत होते ते आज पुन्हा बेकायदा झाले. ज्या रुग्णांचे उपचार मध्येच तुटले, त्यांना याचे कारण कुणी काय सांगणार?

कराराची रचना अशी आहे. थेरपिस्ट जिथे राहतो ते त्याचे मूळ राज्य, आणि त्या राज्याचा परवाना हाच पाया. तो निष्कलंक हवा, म्हणजे त्यावर कुठलीही कारवाई वा बंधन नको. एफबीआयमार्फत गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी व्हायला हवी. एवढे असले की करारातल्या दुसऱ्या राज्यात काम करायची मुभा मागता येते. त्या राज्याची फी भरायची, आणि तिथल्या कायद्याची वेगळी परीक्षा असेल तर ती द्यायची. काम करताना रुग्ण ज्या राज्यात असेल त्या राज्याचे नियम पाळायचे. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन, परीक्षा घेणारी एनबीसीओटी आणि राज्य सरकारांची सामायिक संस्था असलेली कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्न्मेंट्स यांनी मिळून मसुदा केला. २०२१ मध्ये व्हर्जिनियाने तो पहिल्यांदा कायदा म्हणून मंजूर केला. दहा राज्ये आली की करार अमलात यायचा होता, ती संख्या २०२२ मध्ये पूर्ण झाली. आज तीसहून अधिक राज्यांनी कायदा केला आहे. तरी प्रत्यक्ष मुभा मिळायला मध्ये बरीच वर्षे गेली, कारण सगळ्या राज्यांच्या मंडळांची माहिती एकमेकांना दिसेल अशी संगणकीय यंत्रणा आधी उभी करायची होती. या उशिरावर पुष्कळ थेरपिस्ट वैतागले. मला मात्र ती यंत्रणा झाल्याशिवाय मुभा न देण्याचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचे कारण हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

समजा, एका राज्यात एखाद्या थेरपिस्टविरुद्ध गंभीर तक्रार आली. चौकशी सुरू आहे. निकाल लागलेला नाही. जुन्या पद्धतीत त्याने दरम्यान दुसऱ्या राज्यात अर्ज केला, तर त्या राज्याला काय कळणार? झालेल्या कारवाईची नोंद केंद्राच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यात जाते, तो साठा मंडळांना पाहता येतो. पण नोंद जाते ती कारवाई झाल्यावर. चौकशी महिनोन्‌महिने चालते, आणि त्या काळात चालू चौकशीबद्दल एका मंडळाने दुसऱ्याला सांगितलेच पाहिजे असे बंधन सर्वत्र नव्हते. कराराने ते घातले. गंभीर स्वरूपाच्या चालू चौकशीची माहिती सदस्य राज्यांना मिळते. दोन राज्यांना मिळून चौकशी करता येते. मूळ राज्याने परवान्यावर बंधन घातले की सगळ्या सदस्य राज्यांतली मुभा एकदम जाते, आणि परवाना पुन्हा निर्दोष झाल्यावरही दोन वर्षे लोटल्याशिवाय परत मिळत नाही. स्वतःवर कारवाई झाली तर तीस दिवसांत कळवायची जबाबदारी थेरपिस्टवर आहे. ज्यांच्याशी हे थेरपिस्ट काम करतात ती माणसे पाहा: बोलता न येणारी मुले, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, एकट्याने अंथरुणातून उठू न शकणारे रुग्ण. त्यांच्यावर अन्याय झाला तर ते तक्रार करायला मंडळाच्या दारी जाऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने राज्यांनी एकमेकांशी बोललेच पाहिजे.

म्हणूनच ‘करार कशाला, सरळ एकमेकांचे परवाने मानून टाका’ हा पर्याय मला अपुरा वाटतो. ॲरिझोनाने २०१९ मध्ये तसा कायदा केला: दुसऱ्या राज्यात किमान वर्षभर परवाना असलेला माणूस ॲरिझोनात राहायला आला, तर त्याला इथला परवाना द्यायचा. इतरही काही राज्यांनी हा मार्ग धरला. कायदा चांगल्या हेतूने केलेला आहे, आणि कायमचे स्थलांतर करणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो. पण तो एकतर्फी आहे. ॲरिझोना दार उघडते, त्या बदल्यात दुसऱ्या राज्याने काही सांगायचे बंधन त्याच्यावर येत नाही. शिवाय राहायला यायची अट असल्यामुळे व्हिडिओवरून उपचार देणारा किंवा नदीपलीकडून रोज येणारा थेरपिस्ट त्यात बसत नाही.

आता विरोधकांकडे येऊ, कारण त्यांचे सगळेच म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

पहिला आक्षेप राज्याच्या मानकांचा. कॅलिफोर्निया हे याचे ठळक उदाहरण. तिथे हाताच्या विशेष उपचारांसाठी, विद्युत किंवा ध्वनिलहरींसारखी साधने वापरण्यासाठी आणि गिळण्याच्या त्रासावरच्या उपचारांसाठी थेरपिस्टला परवान्याशिवाय मंडळाची वेगळी मान्यता लागते. अशी अट असलेल्या राज्याला वाटते की बाहेरचे लोक आले की आपली पातळी खाली जाईल. गिळण्याच्या उपचारात चूक झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन रुग्ण दगावू शकतो, तेव्हा ही काळजी पोकळ नाही. परंतु करार इथल्या अटी काढून घेत नाही. रुग्ण कॅलिफोर्नियात असेल तर कॅलिफोर्नियाचाच कायदा लागू, असे करारातच आहे. राज्याने आपल्या अटी कायद्याच्या परीक्षेत स्पष्ट घालाव्यात, मुभा देताना थेरपिस्टकडून लेखी कबुली घ्यावी, मोडल्यास त्या राज्यातली मुभा काढून घ्यावी. हे सगळे अधिकार राज्याकडे राहतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही दोन मोठी राज्ये बाहेर असल्यामुळे आज कराराचा उपयोग नेमका तिथे थांबतो, जिथे सर्वात जास्त माणसे ये-जा करतात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. करार चालवण्यासाठी सदस्य राज्यांचा एक आयोग असतो. प्रत्येक राज्याचा एक प्रतिनिधी, त्याला एक मत, मग ते राज्य कितीही लहान असो वा मोठे. हा आयोग जे नियम करतो ते सदस्य राज्यांत कायद्यासारखे लागू होतात. ते रद्द करायचे तर चार वर्षांच्या आत निम्म्याहून अधिक राज्यांच्या कायदेमंडळांनी ठराव करायला हवा. मतदाराने ज्यांना निवडून दिले नाही अशा लोकांच्या हाती एवढी सत्ता का द्यायची, हा प्रश्न लोकशाही मानणाऱ्या माणसाला पडलाच पाहिजे. मला यावर अर्धवट उत्तर आहे. आयोगाचा विषय अरुंद आहे: मुभा कुणाला, माहिती कशी पाठवायची, फी कशी गोळा करायची. राज्याला नको झाले तर कायदा मागे घेऊन बाहेर पडता येते. तरीही, प्रतिनिधी बहुतेक परवाना मंडळांतून येतात, आणि मंडळांवर त्याच व्यवसायातली माणसे मोठ्या संख्येने असतात. उत्तर कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की एखाद्या मंडळावर त्या व्यवसायातच काम करणाऱ्यांचे वर्चस्व असेल आणि राज्याची त्यावर जागती देखरेख नसेल, तर मंडळाला स्पर्धा-कायद्यापासून संरक्षण मिळणार नाही. ही देखरेख आयोगालाही हवी. रुग्णांचे आणि दिव्यांग व्यक्तींचे प्रतिनिधी आयोगाच्या कामात बसले पाहिजेत. नुसते प्रेक्षक म्हणून नव्हे, बोलण्याचा हक्क असलेले.

तिसरी भीती थेरपिस्ट लोकांचीच, आणि ती मला सगळ्यात खरी वाटते. परवान्याची भिंत पडली की दूरस्थ उपचारांच्या मोठ्या कंपन्या देशभरातून थेरपिस्ट गोळा करतील, जिथे पगार कमी तिथल्या माणसाला जिथे दर जास्त तिथल्या रुग्णाला जोडतील आणि मधला फरक स्वतः ठेवतील. खेड्यातली थेरपिस्ट घरबसल्या दुसऱ्या राज्यातल्या शहरी मुलांना पाहील आणि तिच्याच गावातल्या आजींना घरी यायला कुणी उरणार नाही. करार झाल्याने एकही नवा थेरपिस्ट जन्माला येत नाही, आहेत तेच इकडचे तिकडे होतात, हे मान्यच करायला हवे. पण या दुखण्याचे औषध परवान्यात शोधणे चुकीचे आहे. ग्रामीण भागात थेरपिस्ट टिकत नाही तो पगार, प्रवासाचा वेळ आणि एकेकावर टाकलेल्या रुग्णांच्या संख्येमुळे. घरी जाऊन दिलेल्या उपचाराला विमा आणि सरकारी योजना पुरेसे पैसे देत नाहीत म्हणून. ते दर सुधारा, एका थेरपिस्टकडे किती मुले द्यायची यावर शाळांना मर्यादा घाला. थेरपिस्टला तिच्या राज्यात कोंडून ठेवून तिने कमी पगारात राहावे अशी अपेक्षा करणे हा न्याय नव्हे.

फीच्या बाबतीत मात्र माझी तक्रार कराराच्या बाजूने बोलणाऱ्यांविरुद्ध आहे. परिचारिकांच्या आंतरराज्य करारात एकच बहुराज्यीय परवाना मिळतो, तो सगळ्या सदस्य राज्यांत चालतो. इथे प्रत्येक राज्यासाठी वेगळी मुभा आणि वेगळी फी आहे. तीन राज्यांत दोन-दोन रुग्ण पाहणाऱ्या स्वतंत्र थेरपिस्टला हा भार जाणवतो, कंपनीला जाणवत नाही. म्हणजे वर सांगितलेली भीती फीच्या रचनेतूनच खरी ठरू शकते. मुभेची फी मंडळाला येणाऱ्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नसावी, आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर त्याचे उपचार पुरे करू पाहणाऱ्या जुन्या थेरपिस्टला काही आठवडे ती माफ असावी.

सैनिकांच्या कुटुंबांचा विचार या करारात आवर्जून केलेला आहे, आणि तो योग्यच आहे. सैनिकाची बदली दर काही वर्षांनी होते, पत्नी किंवा पती थेरपिस्ट असेल तर प्रत्येक वेळी नव्याने परवाना. म्हणून संरक्षण खात्याने असे करार तयार करायला पैसा दिला, आणि २०२३ च्या जानेवारीत सही झालेल्या केंद्रीय कायद्याने सैनिकांच्या जोडीदारांचे परवाने बदलीच्या राज्यात चालतील अशी तरतूदही केली. त्यांचे कष्ट ज्या समाजाला कळतात, त्याला आणखी एका गटाचे कळायला हरकत नसावी.

त्या गटात मराठी माणसे पुष्कळ आहेत. भारतात ही विद्या रुजवली तीच मुळी अमेरिकेत जन्मलेल्या एका बाईंनी. एलिझाबेथ लंडी या विष्णू निंबकरांशी विवाह करून कमला निंबकर झाल्या, फिलाडेल्फियाला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणच्या बालभवनाला त्यांचे नाव आहे, तिथून ते अनेकांना ठाऊक असेल. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. केईएम, नायर, सायन, नागपूरचे मेडिकल, इथून शिकून निघालेले कितीतरी जण आज अमेरिकेत काम करतात. त्यांना आधी आपली पदवी तिथल्या मास्टर्सच्या तोडीची असल्याचे दाखवून परीक्षेची पात्रता मिळवावी लागते, मग ती राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. आणि एवढे झाल्यावर नवऱ्याचा प्रकल्प दुसऱ्या राज्यात गेला की गाडी पुन्हा अर्जापाशी. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्याचे जोडीदार म्हणून, असलेल्यांपैकी ज्यांच्या जोडीदाराचे ग्रीन कार्डचे प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचले आहे, त्यांनाच २०१५ पासून कामाची परवानगी मिळते, तीही मुदतीची. त्या मुदतीतले चार महिने नव्या राज्याच्या परवान्याची वाट पाहण्यात गेले तर तिचे नुकसान होतेच, पण जिथे थेरपिस्टची जागा रिकामी आहे त्या शाळेचेही होते. करारात मूळ राज्य बदलताना आधीच्या मुभेच्या आधारावर नवा परवाना घ्यायची वाट ठेवली आहे. दोन्ही राज्ये करारात असतील तरच ती चालते. म्हणून बाहेर राहिलेल्या राज्यांना सामील करून घेण्यात या स्थलांतरित थेरपिस्टचा थेट संबंध आहे, आणि तिथल्या मराठी मंडळांनी आपल्या राज्याच्या आमदारांकडे हा विषय न्यावा असे मला कळकळीने वाटते.

एका देशात एकच नोंदणी असू शकते हे ऑस्ट्रेलियाने सिद्ध केले आहे. तोही राज्यांचा संघ. पूर्वी तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी काही राज्यांत होती, काहींत नव्हतीच. २०१० मध्ये आरोग्य व्यवसायांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली आणि जुलै २०१२ पासून ऑक्युपेशनल थेरपी तिच्यात आली. नोंदणी एकदा करायची, काम देशात कुठेही करायचे, आणि कुणावर काय बंधन आहे हे सामान्य माणसालाही एकाच सार्वजनिक यादीत पाहता येते. मला हीच पद्धत जास्त पटते. अमेरिकेत राज्ये आपला अधिकार इतका सहज सोडणार नाहीत, म्हणून तिथे करार हाच हाताशी असलेला मार्ग आहे. पण ती सार्वजनिक यादी तरी अमेरिकेने उचलावी. सध्या मंडळांना एकमेकांचे दिसते. आईवडिलांना मात्र ज्या थेरपिस्टच्या हाती मूल सोपवायचे तिची सगळ्या राज्यांतली स्थिती एका जागी, फोनवर, फुकट पाहता आली पाहिजे.

आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने ऑक्युपेशनल थेरपीसह अनेक संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा, राज्यांची आणि केंद्राची नोंदवही अशी रचना सांगितली आहे. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ मध्ये आपापले परिषद-कायदे आधीच केले होते, बऱ्याच राज्यांत मात्र काहीच नव्हते. ही रचना अजून पक्की होत असताना अमेरिकेच्या अनुभवातून घ्यायची गोष्ट एकच आहे, आणि ती नोंदणी क्रमांकाची नाही. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या येतात, घरी परतल्यावर व्यायाम फोनवरून विचारतात. उद्या अशा रुग्णाने एखाद्या थेरपिस्टविरुद्ध तक्रार केली तर ती कुठल्या परिषदेने ऐकायची, चौकशी चालू असताना दुसऱ्या परिषदेला किती दिवसांत कळवायचे, आणि रुग्णाने आपल्या भाषेत, आपल्या जिल्ह्यातून तक्रार कशी करायची, हे नियमांत आत्ताच लिहून घेतले पाहिजे.